चांदबिबीचे तीन खंड

होळी सरली की मी कपाटातली पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर मांडतो. सह्याद्रीनं अडवलेला पाऊस नगरच्या शेताला नडतो, पण कागदाला मानवतो. कोकणात पुस्तकांना बुरशी धरते. इथं भीती फक्त कसरीची, आणि तिला वेखंडाची पुरचुंडी पुरते.

डिकन्स, थॅकरे, जॉर्ज एलियट. माझ्याकडच्या बऱ्याच प्रती 'कलोनियल लायब्ररी'च्या. मॅकमिलननं ही माला 1886 मध्ये सुरू केली, खास हिंदुस्थान आणि वसाहतींतल्या वाचकांसाठी. विलायतेत ती विकायला मनाई. मोठे संग्राहक तिला हात लावत नाहीत. मला मात्र ती फार प्रिय आहे. एका प्रतीत अवघड शब्दांच्या माथ्यावर पेन्सिलीनं, बारीक मोडीत अर्थ लिहिलेत. कुणी तरी कंदिलाशी बसून ही कादंबरी ओळीओळीनं आपलीशी केली होती.

पण जीव अडकलाय तो फिलिप मेडोज टेलरच्या 'अ नोबल क्वीन'मध्ये. टेलर हैदराबादच्या निजामाच्या चाकरीतला, नळदुर्गचा कारभार पाहिलेला. तुळजापूरच्या परिसरात त्यानं 'तारा' घडवली, ती आली 1863 मध्ये. नगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीवरची ही कादंबरी मात्र तो गेल्यावर दोन वर्षांनी, 1878 मध्ये, लंडनला तीन खंडांत निघाली. तीन खंडांच्या कादंबरीची तेव्हाची ठरलेली किंमत साडेएकतीस शिलिंग. एवढे पैसे घालून घरी कोण नेणार? वर्गणीची वाचनालयं घेत. एक खंड एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. आमच्या नगरचा किल्ला असा हप्त्याहप्त्यानं लंडनच्या घरांत शिरला.

माझ्याजवळ नंतरची एकखंडी आवृत्ती आहे. ती पिशवीत घालून कधी कधी डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालाशी जातो. खरं तर ती निजामशाहीतल्या मंत्र्याची, सलाबतखानाची कबर. पण नगरमध्ये कुणालाही विचारा, चांदबिबीचंच नाव सांगतील. तिथं बसून मोगल शहजादा मुरादच्या वेढ्याचा भाग काढतो. सुरुंगानं तट फुटलाय, बाई तलवार घेऊन खिंडारात उभी आहे, आणि रात्रीतून भिंत पुन्हा चढते आहे.

मूळचे तीन खंड मिळाले तर कोरे करकरीत नकोत. वाचनालयाची चिठ्ठी अर्धवट फाटलेली असावी, कणा सैल झालेला असावा, आणि त्या खिंडाराच्या पानावर कुणा अनोळखी वाचकाच्या अंगठ्याचा मळकट ठसा असावा. त्या प्रतीसाठी मी थांबलोय.