अर्नोकांठची छत्री

प्रवासास निघणाऱ्या मंडळींत एकमत असतें तें फक्त निघण्याच्या तारखेविषयीं. पुढें काय पाहावयाचें हा प्रश्न निघाला, कीं चार मित्रांचीं आठ मतें होतात. इंग्लंडांतील आमच्या दोन वर्षांच्या वास्तव्यांत ईस्टरच्या सुटींत आम्ही चौघे फ्लॉरेन्सला गेलों, तेव्हां याचा अनुभव आम्हांस पुरेपूर आला. बंगाली डॉक्टरांना चित्रें पाहावयाचीं होतीं. नागपूरच्या इंजिनियरांना ब्रुनेलेस्कीनें १४३६ सालीं पुरा केलेला मोठ्या देवळाचा घुमट पायऱ्या चढून आंतून-बाहेरून तपासावयाचा होता. आमचे इंग्रज सहकारी इतिहासाचे अध्यापक. त्यांना सर्वच कांहीं, पण शतकांच्या क्रमानें पाहावयाचें होतें. अशा सभेंत आम्हीं चौथ्या दिवसाची सकाळ कास्चिने नांवाच्या बागेसाठीं मागितली, तेव्हां मेजवानीच्या पंगतींत कोणी ताकभात मागावा तसें सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें.

“काय आहे हो तिथें, प्रोफेसर?” इंजिनियरांनीं विचारलें.

“आमच्या कॉलेजचें नांव,” आम्हीं सांगितलें.

बऱ्याच वादानंतर ठराव पास झाला, पण दंडासह: त्या सकाळचा चौघांचा खर्च आम्हीं एकट्यानें सोसावयाचा. हिशेबाची वही इंजिनियरांकडे होती. त्यांनीं तो ठराव तींत तात्काळ टिपूनही ठेवला.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत आम्हीं चार वर्षें काढलीं. गोपाळ कृष्ण गोखले कांहीं काळ याच कॉलेजांत शिकले, ही गोष्ट आम्ही भेटेल त्यास सांगत असूं. परंतु ज्यांचें नांव दारावर आहे ते राजाराम कोण, असा प्रश्न त्या चार वर्षांत आमच्या मनास शिवला नाहीं. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, ताराबाईंचे पति, ते हेच असावेत, अशी आमची समजूत होती. परीक्षेंत कोणी विचारलें नाहीं, म्हणून आम्हींही कोणास विचारलें नाहीं. वयाची पन्नाशी उलटल्यावर इंग्लंडांतील एका ग्रंथालयांत भलतेंच पुस्तक शोधतांना १८७२ सालीं छापलेली एक रोजनिशी हातीं लागली, तेव्हां आमचा हा अज्ञानपट दूर झाला.

हे राजाराम महाराज १८६६ सालीं दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर बसले. समुद्रपर्यटन निषिद्ध मानण्याच्या त्या काळांत, १८७० सालीं ते विलायतेस गेले, राणी व्हिक्टोरियास भेटले, आणि आपण पाहिलें तें इंग्रजींत लिहून ठेवीत गेले. परत येतांना ते फ्लॉरेन्समध्यें आजारी पडले व ३० नोव्हेंबर रोजीं तेथेंच वारले. त्यांच्याबरोबरचे कॅप्टन वेस्ट यांनीं पुढें ती रोजनिशी प्रसिद्ध केली. आम्हीं ती एका बैठकींत वाचून संपविली, आणि मिटून ठेवतांना एखाद्या घरीं चार वर्षें जेवून यजमानाचें नांव न विचारणाऱ्या पाहुण्यासारखें आम्हांस वाटलें.

पहिले तीन दिवस मित्रांच्या मनाप्रमाणें गेले. त्यांतील एकच गोष्ट येथें सांगावयाची. सांता क्रोचे या देवळांत मायकेल एंजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या आहेत, तशी दांतेचीही आहे. पण ती रिकामी. शहरानें हद्दपार केलेला हा कवि १३२१ सालीं रावेन्ना येथें वारला. पुढें फ्लॉरेन्सनें त्याच्या अस्थि परत मागितल्या, पण रावेन्नानें त्या दिल्या नाहींत. आमचे इंग्रज मित्र म्हणाले, “या गांवानें आपला माणूस बाहेर घालविला, आणि तुमचा राजा ठेवून घेतला.” ते सहज बोलून गेले, पण आम्हांस रात्रीं बराच वेळ झोंप लागली नाहीं.

त्यास कारण होतें. मागच्या भाद्रपदांत आमची आई कोल्हापुरास वारली. निरोप दूरध्वनीवर आला. मिळेल त्या विमानानें निघून आम्ही तेथें पोहोंचलों तेव्हां अग्नि धाकट्या भावानें दिला होता, आणि अस्थि पंचगंगेंत गेल्या होत्या. कोणी आम्हांस बोल लावला नाहीं. लावला असता तर बरें झालें असतें.

चौथ्या दिवशीं सकाळीं ट्रामनें आम्ही बागेशीं उतरलों. कास्चिने ही नदीकांठानें लांबच लांब पसरलेली बाग आहे, आणि आमची छत्री तिच्या अगदीं पश्चिम टोंकास. वाटेंत इंजिनियरांनीं दोनदां घड्याळ पाहिलें. एका सायकलवाल्या वृद्ध गृहस्थास वाट विचारली, तर त्यानें “इंदियानो!” म्हणून हात पुढें केला. महाराजांचें नांव त्यास ठाऊक नसावें. जवळच्या मोठ्या पुलासही गांवानें या इंदियानोचेंच नांव दिलें आहे.

झाडी संपली आणि छत्री दिसली. खांबांवर तोललेला घुमट, आणि त्याखालीं पागोटें व अलंकार ल्यालेला, रंगविलेला अर्धपुतळा. पुतळा फुलर नांवाच्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मँट यांचा, ज्यांनीं पुढें कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. १८७४ सालीं ही उभी राहिली. येथें मुन्योने नांवाची लहानशी नदी अर्नोस मिळते. प्रेत जाळण्याची चाल त्या वेळीं इटलींत नव्हती. तरी नगराधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली, आणि धर्माप्रमाणें संगम हवा म्हणून ही जागा निवडली गेली. रात्रीं येथें चिता पेटली, आणि गांवचे लोक पाहावयास जमले.

“वय काय होतें?” डॉक्टरांनीं विचारलें.

“वीस.”

उत्तर देतांना आमचें आम्हांसच नवल वाटलें. ग्रंथालयांत तो आंकडा वाचून आम्ही पुढें गेलों होतों. महाराज म्हटले कीं डोळ्यांपुढें पोक्त, भारदस्त माणूस उभा राहतो. हा तर आमच्या वर्गांत मागल्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या वयाचा! त्याचीही आई, जन्मदात्री किंवा दत्तक घरची, कोठें तरी वाट पाहत असेल, आणि तिला तर समुद्र ओलांडून येणें स्वप्नांतही शक्य नव्हतें. परक्या गांवच्या लोकांनीं त्याला नदी शोधून दिली. आमच्या आईला तिची स्वतःची नदी मिळाली, ओळखीच्या माणसांचे हात मिळाले. नव्हतों ते फक्त आम्ही. तें दुःख त्यामुळें नाहींसें झालें नाहीं. पण तें आईचें नसून आमचें एकट्याचें आहे, इतकें त्या कांठावर कळलें.

पाण्यापर्यंत उतरण्यास वाट दिसेना, म्हणून वरूनच हात जोडले. मागें वळून पाहतों तों इंजिनियर बूट काढून ओल्या गवतांत उभे. आमच्या आईविषयीं आम्हीं त्यांस कांहीं सांगितलें नव्हतें.

परततांना ट्रामचीं तिकिटें आम्हीं काढलीं. सायंकाळीं हिशेबाची वही आमच्यासमोर आली. “कास्चिने, खर्च प्रोफेसरांचा,” ही ओळ इंजिनियरांनीं खोडली होती, आणि तिच्या खालीं लिहिलें होतें, “खर्च चौघांचा.”