अंगाच्या मापाची गाडी

कुटुंबाच्या पानावर मोटारसायकलची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. पण कष्टकऱ्याच्या संसारात घरानंतरची मोठी खरेदी गाडीचीच असते आणि ती आपण बहुधा दुसऱ्याची पाहून करतो. आम्हीही तसंच करणार होतो. त्यातून कसे वाचलो, ते सांगतो.

आम्ही राहतो नांदेडात, गोदावरीच्या अलीकडे. कामाला जातो विष्णुपुरीला. पूल ओलांडायचा, असर्जन मागं टाकायचं, की आली विष्णुपुरी. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. तिथं १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं, पुढं वैद्यकीय महाविद्यालयही आलं. नदीकाठच्या या गावाच्या रस्त्याला मग पहाटेपासून रात्रीपर्यंत कामगारांची रीघ लागली. त्या रिघेत आम्ही दोघंही. आम्ही एका मेसचं कोठीघर सांभाळतो. मुलांची आई एका दवाखान्यात आयाचं काम करते.

आमची जुनी शंभर सीसीची गाडी चौदा वर्षं चालली. गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला मुलांच्या आईला घेऊन परत येत होतो. पाऊस कोसळत होता. पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही. गाडी आदळली आणि आमची कंबर जागच्या जागी धरली. पाय खाली टेकवायलाही जमेना. मागं बसलेल्या तिनं गाडी सावरायचा प्रयत्न केला, पण उंच गाडीवरून तिची नुसती बोटं जमिनीला लागत होती. गाडी आडवी झाली. तिची पोटरी सायलेन्सरला लागून भाजली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून हे लिहायला आम्ही आहोत.

डॉक्टर म्हणाले, "कंबर वाकवून गाडी चालवू नका. जड उचलू नका." कोठीघरात पोती, रस्त्यावर खड्डे; डॉक्टरांचं ऐकायचं तरी कसं? तेव्हा ठरलं, निदान गाडी तरी बदलायची. जवळ होते भिशीचे तीस हजार आणि बचत गटातून मिळणारे पंधरा. एवढ्यात नवी येत नाही. जुनीच बघायची होती.

सल्ल्याला तोटा नव्हता. आयटीआयला असलेला आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, बुलेटच घ्या." बुलेटचा रुबाब खराच. वस्तीत कुणी बुलेट उभी केली, की पोरं गोळा होतात. आमच्याही मनात क्षणभर आलं, आपण का नाही? पण बुलेट म्हणजे १९० किलोच्या आसपास वजन. स्टँडवरून काढतानाच कंबर जायची. मेव्हणे म्हणाले, स्कूटर घ्या. स्कूटरवर बसणं ताठ आहे, वजन शंभराच्या आसपास, किराणा ठेवायला पायाशी जागा. शहरातल्या गुळगुळीत रस्त्याला तिच्यासारखं वाहन नाही. आम्ही शेजाऱ्यांची स्कूटर दोन दिवस मागून चालवली. पण तिची चाकं लहान. लहान चाक खड्ड्यात पुरतं उतरतं, मोठं चाक त्यावरून निघून जातं. दुसऱ्याच दिवशी कंबरेनं निकाल दिला.

मग मेसमध्ये गाडी घेऊन येणाऱ्या एका पोरानं सांगितलं, "काका, क्रूझर बघा." घरी येऊन आम्ही क्रूझर घेणार म्हणून सांगितलं, तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई, जीप घ्यायलाव का? लग्नाचं भाडं मारायचं का काय?" आपल्याकडं क्रूझर म्हणजे वऱ्हाड नेणारी जीप! ही क्रूझर वेगळी. ही मोटारसायकल लांब आणि बुटकी असते. सीट खाली, हँडल जवळ आणि उंच, पाय पुढं. खुर्चीत बसल्यासारखी पाठ ताठ राहते आणि मनगटावर भार येत नाही. आपल्या देशात बजाजनं २००१ साली कावासाकीसोबत एलिमिनेटर नावाची अशी गाडी काढली आणि २००५ साली तिच्याच वळणाची ॲव्हेंजर आणली. त्याच्या आसपास यामाहाची १२५ सीसीची एन्टायसरही होती. ती हलकी आणि देखणी, पण बंद होऊन बरीच वर्षं झाली. सुट्या भागांसाठी दारोदार फिरायची आमची तयारी नव्हती.

आम्ही रोज संध्याकाळी मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो पाहत बसू लागलो. एक दिवस मुलांची आई शिलाई मशीनवरून उठली आणि म्हणाली, "काय बघायलाव एवढं? रंग बघायलाव का?" आम्ही म्हणालो, "माझ्या कंबरेला कोणती चालेल ते बघतोय." ती म्हणाली, "अन् माझ्या पायाला? त्या रात्री गाडी माझ्या अंगावर पडली होती. मागं कोण बसतंय? तुमची कंबर धरली तर पुढं कोण बसणार?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. तीन महिने आम्ही गाडी शोधत होतो आणि एकदाही तिला विचारलं नव्हतं. पैशात तिच्या बचत गटाचा वाटा होता, प्रवासात तिचा निम्मा हिस्सा होता, पण निवडीत ती कुठंच नव्हती. बायकांना गाडीतलं काय कळतं, हे आम्ही तोंडानं कधी म्हटलं नाही, पण वागलो तसंच.

तिनं मशीनवरचा टेप घेतला. आधी दारातल्या जुन्या गाडीची सीट मोजली. जमिनीपासून एकतीस इंच. मग स्वतःचं माप घेतलं. दोन्ही तळपाय जमिनीला टेकून बसायचं, तर सीट एकोणतीस इंचांच्या वर नको. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटर, म्हणजे एकोणतीस इंच! परकर-पोलकं बेतावं तसं तिनं पाच मिनिटांत गाडीचं माप बेतून दिलं.

राहिला वजनाचा प्रश्न. २२० सीसीची ॲव्हेंजर दीडशे किलोच्या वर जाते. २०१५ साली आलेली १५० सीसीची ॲव्हेंजर स्ट्रीट मात्र १४८ किलोची. ही काही सायकल नव्हे, शंभर सीसीच्या गाडीपेक्षा ती पस्तीस-चाळीस किलोंनी जडच. पण वजन खालच्या अंगाला असतं आणि दोन्ही पाय टेकतात, म्हणून उभी गाडी सावरता येते. नुसता वजनाचा आकडा पाहून गाडी हलकी का जड, ते ठरत नाही. आपले पाय कुठं टेकतात, तेही पाहावं लागतं.

गाडी ठरली, तरी फसायचे बाकी होतो. एका दुकानात अशीच गाडी दिसली. चकाचक, अडतीस हजारांत. दुकानदार गोड बोलला. "नावाचं नंतर बघू, आधी घेऊन जा." आम्ही दोन हजार इसार देऊन आलो. रात्री मुलानं मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला. गाडीवर बँकेचा बोजा तसाच होता आणि तीन दंड थकलेले. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, इसार परत मिळत नसतो. दोन हजार म्हणजे मुलांच्या आईच्या दोन महिन्यांच्या शिलाईचे पैसे. वाईट वाटलं. पण अडतीस हजार गेले असते आणि गाडी बँकेनं ओढून नेली असती, त्यापेक्षा ही फी स्वस्तच.

म्हणून सांगतो, जुनी गाडी घेताना रंगाआधी कागद पाहा. आरसी कुणाच्या नावावर आहे, चेसी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतात का, बोजा फिटल्याचा बँकेचा दाखला आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहेत का, हे पाहा. एमएच २६ म्हणजे नांदेड, एमएच २४ म्हणजे लातूर. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथलं ना-हरकत लागू शकतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यानंही सावध असावं. गाडी विकली पण नाव तसंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाई कागदावरच्या मालकाच्या गळ्यात पडते. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं.

शेवटी सिडकोतल्या एका निवृत्त गुरुजींकडं २०१६ ची स्ट्रीट मिळाली. आम्ही ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेलं. त्यानं आधी इंजिनाला हात लावून पाहिलं. गरम करून ठेवलेलं इंजिन दोष झाकतं, थंड इंजिन खरं बोलतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का पाहिला. येत असेल तर इंजिन ऑइल खातंय. पुढच्या शॉकअपला तेल गळतंय का, चेन आणि तिचे दाते झिजलेत का, सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते का, सगळं तपासलं. गुरुजींनी दोन्ही चाव्या आणि सगळे कागद पुढं ठेवले. एक्केचाळीस हजारांना सौदा झाला. मुहूर्त पाहिला नाही. पगार झाला, तोच दिवस. उरलेल्या पैशांत दोन हेल्मेट घेतले, कारण डोकी दोन आहेत.

गाडीत उणं नाही असं नाही. लांब असल्यानं आमच्या बोळात एका दमात वळत नाही. पाय पुढं असल्यानं खड्डा आला की पायांवर उठता येत नाही, दणका थेट माकडहाडाला बसतो. म्हणून खड्ड्याआधी वेग कमी करावाच लागतो. पेट्रोलही जास्त लागतं. जुनी गाडी लिटरला साठ द्यायची, ही पंचेचाळीस देते. महिन्याच्या पाचशे-सव्वापाचशे किलोमीटरला तीन लिटर जास्त, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे रुपये. पण आमच्या वेळा जुळत नाहीत तेव्हा मुलांची आई शेअर ऑटोला जे घालवायची, त्यापुढं हे कमीच.

आणि आता तेही जात नाहीत. तीन महिने दर रविवारी सकाळी विष्णुपुरीत मोकळ्या रस्त्यावर ती गाडी शिकली. आम्ही मागं बसायचो. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी सतरा वेळा बंद पडली. चौथ्या रविवारी गाडी कलली, तिनं पाय टेकवला, आणि गाडी पडली नाही. तिनं मागं वळून नुसतं आमच्याकडं पाहिलं.

तिचा पक्का परवाना मागच्या महिन्यात आला. त्याच्या आधी आरसी आली होती. नाव कुणाचं घालायचं, हे आरटीओच्या रांगेत उभं असतानाच आम्ही ठरवलं होतं. मालक म्हणून तिचं नाव आहे. कंबर धरते त्या दिवशी ती पुढं बसते, आम्ही मागं. रस्त्यात ओळखीचे भेटतात, काही हसतात. आम्ही मागूनच हात वर करून जयभीम घालतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, गाडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. पण घरातला टेप आधी काढा, आणि माप घेताना मागं बसणारीचंही घ्या.