कवंदी, कॅमेरा आणि सिद्दी अक्का

बेळगावहून खानापूर आणि नंदगड मागे टाकून हल्याळच्या रस्त्याला लागलं की जंगल दाट होत जातं आणि एसटीत चढणारी माणसंही बदलतात. कुरळ्या केसांची, काळ्याभोर कांतीची, काष्टा घातलेली किंवा गोल साडी नेसलेली एखादी बाई डोक्यावर बोचकं घेऊन चढते. नवखा प्रवासी शेजाऱ्याला हळूच विचारतो, "ही कुठल्या देशातली?" त्या बाईला ते ऐकू गेलेलं असतं. ती कंडक्टरशी कन्नडमध्ये सुट्ट्या पैशांवरून भांडते, लेकराला कोकणी-मराठी मिसळीत दटावते आणि खिडकीला टेकून झोपी जाते. तिचा देश हाच आहे, तिच्या आजीच्या आजीचाही हाच होता.

आपल्या मराठी माणसाला सिद्दी ठाऊक आहे तो शाळेतल्या इतिहासातून. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि हाती न लागलेल्या जंजिऱ्याचे सिद्दी. फार तर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, ज्याने वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं. हे सगळे पुरुष आणि सगळे तलवारीवाले. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांतले सिद्दी मात्र सरदारांचे वंशज म्हणून मिरवत नाहीत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली बरीच माणसं मालकांच्या जाचाला कंटाळून घाट चढून या रानात शिरली, त्यांचा हा वंश. कुणी हिंदू झाले, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. सुपारीच्या बागांत आणि भाताच्या शेतांत मजुरी हेच बहुतेकांचं जगणं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं आणि आपल्या बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना तर २०२० च्या कायदादुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. खानापूरच्या रानातले सिद्दी आपले शेजारी आहेत हे आपल्यातल्या किती जणांच्या गावी होतं, ज्याने त्याने आठवून पाहावं.

मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ २००५ मध्ये कुटुंबासह गीरच्या जंगलात सहलीला गेल्या होत्या. तिथे त्यांना सिद्दींची वस्ती भेटली. सिंह पाहायला गेलेली बाई पुढली काही वर्षं माणसांचे चेहरे टिपत राहिली. त्याआधी त्यांनी इंग्लंडमधल्या आणि भारतातल्या पटेल आडनावाच्या जुळ्यांची छायाचित्रं काढली होती, त्यांचं पुस्तक १९९९ मध्ये आलं होतं. सिद्दींच्या छायाचित्रांचं 'अ सर्टन ग्रेस' हे पुस्तक २०१३ मध्ये निघालं. फोटो सगळे कृष्णधवल. त्यातल्या बायका-मुली लेन्सकडे सरळ पाहतात. कुणी हसत नाही, कुणी हसवलेलंही दिसत नाही. दारात, अंगणात, भिंतीला टेकून त्या अशा उभ्या आहेत की पाहणाऱ्यालाच जरा सावरून बसावं लागतं. काळ्या रंगाच्या इतक्या छटा असतात हे मला त्या पुस्तकानं दाखवलं. एक गोष्ट मात्र मला राहून राहून वाटते. कृष्णधवल फोटोत चेहऱ्याला जे वजन येतं त्याची किंमत कपड्याला मोजावी लागते. आणि आपल्या भागातल्या सिद्दी बायकांची सगळी कला कपड्यात आहे.

तिचं नाव कवंदी. कन्नडमध्ये जिला आपण कौदी म्हणतो, घाटावर वाकळ किंवा गोधडी म्हणतो, तिची ही सख्खी बहीण. माझं मूळ गाव राजेगाव, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं. बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, गोंदिया जिल्हा. तिकडे हिला कथरी म्हणतात. माझी आजी जुन्या लुगड्यांचे थर अंगणात पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायची आणि शेजारणींना हाक मारायची. सीमेवर वाढलेल्या माणसाला एकाच वस्तूची तीन-चार नावं सहज पाठ असतात. इथल्या वाचकांना ते सांगायला नकोच.

कवंदीची रीत मात्र जरा निराळी. आपण बहुधा थर आधी लावून घेतो आणि मग धावदोरा घालतो. सिद्दी बाई खाली जुनी साडी अंथरते, एका कोपऱ्यापासून सुरुवात करते आणि काठाकाठाने तुकडे लावत, शिवत, फिरत फिरत मध्याकडे येते. तुकडा लावणं आणि टाका घालणं एकाच वेळी चालतं. कागदावर नक्षी काढलेली नसते. कुणाचा फाटका शर्ट, शाळेच्या गणवेशाचा निळा, साडीचा जरीचा काठ, जे हाताला येईल ते पुढच्या तुकड्याचा रंग ठरवतं. मध्येच छोटे भडक तुकडे चिकटवलेले असतात, त्यांना टिकेली म्हणतात. शेवटी चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लागतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते, असं त्या मानतात. ख्रिस्ती घरच्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीत चंद्रकोर. पाळण्यातल्या बाळाची छोटी कवंदी मी पाहिली, तिच्यात इतके तुकडे होते की मोजता मोजता दोनदा चुकले.

मुंडगोड तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही गेलो तो दिवाळीनंतरचा आठवडा होता. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ज्यांचा फोटो स्टुडिओ आहे ते काका बरोबर होते. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि चाळीस वर्षं लग्नाचे नि पासपोर्टचे फोटो काढलेले. मोबाइल आल्यापासून धंदा बसला, पण हौस बसलेली नाही. त्यांनी कॅमेरा काढताच दोन तरुण मुली सरळ घरात निघून गेल्या. त्यांची आई म्हणावी अशी एक अक्का ओट्यावर शिवत होती, ती उठली नाही. काकांनी तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरला तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "मुख बिडरी, कौदी नोडरी." तोंड राहू द्या, कौदी बघा.

काका चरकले. मग कॅमेरा खाली ठेवून तासभर तिच्यासमोर मांडी घालून बसले. तिचं म्हणणं पुढे हळूहळू कळलं. माणसं येतात, केसांचा फोटो घेतात, नाच करून दाखवा म्हणतात आणि जातात. फोटो कुठे छापला ते कळत नाही, नाव विचारलेलं नसतंच. "आफ्रिकेतून आलात का?" हा प्रश्न तर तिला रोजचा. कवंदी कितीला, ती शिवायला किती दिवस लागतात, हे विचारणारा एखादाच.

असा एखादा आला होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आफ्रिकी कला शिकवणारे हेन्री ड्र्युअल या शतकाच्या सुरुवातीला इथे आले आणि या कवंदींनी त्यांना धरून ठेवलं. २००४ मध्ये त्यांच्या मदतीनं बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शॉमबर्ग केंद्रात या कवंदींचं प्रदर्शन भरलं. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या. त्याही गुलामांच्याच नाती-पणती, त्यांच्याही गोधड्या कामाच्या जुन्या कपड्यांच्या. दोन्हीकडचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर नवल वाटतं. पण म्हणून कवंदी आफ्रिकेतून आली असं म्हणणं मला घाईचं वाटतं. टाका दख्खनचा आहे, माझ्या आजीचाही तोच होता. रंगांची ती बेधडक मांडणी कुठून आली, हे मात्र त्यांचं त्यांनाच विचारावं, आणि त्या हसतात.

परत काकांकडे येते. काळ्या कांतीचा फोटो नीट येणं हे कौशल्याचं काम आहे, असं ते म्हणतात, आणि ते त्यांनी करून दाखवलं. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं यंत्र समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. समोर नुसता काळा चेहरा असेल तर ते उजेड वाढवतं आणि कांती फिकट, राखेसारखी येते. मागे पांढरी भिंत किंवा आभाळ असेल तर उलट होतं, चेहरा काळोखात बुडून नुसते डोळे नि दात उरतात. फिल्मच्या जमान्यात हे आणखी कठीण होतं. रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एका गोऱ्या बाईच्या फोटोचा नमुना प्रयोगशाळांना पाठवत असे, त्याला शर्ली कार्ड म्हणत. गोऱ्या कातडीला नीट तर सगळ्यांना नीट. लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी आमच्या तपकिरी मालाच्या छटा फोटोत येत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा कुठे कंपनी जागी झाली. माणसांची तक्रार त्याआधी कुणी मनावर घेतली नव्हती!

आपल्याकडेही निराळं काय होतं? माझ्या धाकट्या आत्याचा स्थळांना पाठवायचा फोटो गोंदियाच्या एका स्टुडिओत काढला होता. तिथल्या माणसाने निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने तिचे गाल भरून काढले. निगेटिव्हवर जिथे शिसं चढतं तिथे छापलेला फोटो गोरा होतो. पाहुणे आले, फोटो पाहून आलेले, आणि आत्या चहा घेऊन बाहेर आली तेव्हा एकमेकांकडे बघू लागले. तो पांढरट फोटो अजून आमच्या घरी ट्रंकेत आहे. आता पेन्सिलीचं काम मोबाइल आपोआप करतो. आपल्या घरातल्या सावळ्या मुलींचे गेल्या वर्षभरातले फोटो काढून बघा, त्यातले किती त्यांच्या रंगाचे आहेत?

काकांनी त्या दिवशी फ्लॅश बाहेर काढलाच नाही. अक्काला ओट्याच्या सावलीत बसवलं, उजेड एका बाजूनं अंगणातून येऊ दिला, माप चेहऱ्यावर घेतलं. मग कपाळावर, गालाच्या उंचवट्यावर, बोटांच्या पेरांवर तेलकट चमक उमटली आणि बाकीची कांती गडद राहिली, जशी आहे तशी. आणि फोटो रंगीत. मांडीवरच्या कवंदीतला लाल, हळदी आणि गणवेशाचा निळा त्या चेहऱ्याशेजारी असा काही उठून आला की काकांनी स्वतःशीच मान हलवली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी तिला फोटो दाखवला. ती बराच वेळ पाहत होती. मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, फूल कापलं गेलंय, परत काढा.

घरात गेलेल्या मुली तोवर दाराशी आल्या होत्या. त्यांतल्या एकीला गाणं येतं, असं आईनं कौतुकानं सांगितलं. यल्लापूरजवळच्या मंचीकेरीच्या सिद्दींना रंगभूमी नवी नाही. हेग्गोडूच्या निनासम नाट्यसंस्थेचे चिदंबरराव जंबे यांनी १९८० च्या दशकात तिथल्या सिद्दींना घेऊन नाटक बसवलं. गिरिजा सिद्दी निनासममध्ये शिकल्या, हिंदुस्थानी गायकी शिकल्या आणि कन्नड रंगभूमीवर नाव मिळवलं. त्या मुलीला गिरिजाअक्का ठाऊक होत्या. गाणं मात्र ती गायली नाही. सणाला या, म्हणाली, तेव्हा दमाम वाजतो, बायका फुगडी घालतात, तेव्हा ऐका. मला ते आवडलं. पाहुणे आले म्हणून गायचं नसतं, हे तिला विसाव्या वर्षी कळलं आहे.

निघताना काकांनी किती प्रती पाठवू विचारलं. अक्कानं दोन सांगितल्या. एक तिचा चेहरा आणि कवंदी असा, घरात लावायला. दुसरा नुसत्या कवंदीचा, चारही फुलं दिसतील असा, आणि त्याच्या मागे तिचं नाव नि गाव कन्नडमध्ये लिहून. तो गिऱ्हाइकाला दाखवायला. नाव मात्र तिनं काकांना लिहू दिलं नाही, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि काकांच्या वहीत स्वतः लिहून दिलं, म्हणजे त्यांनी ते तसंच उतरवावं.