चुलीलाही सुट्टी हवी!

मैत्रिणींनो, आमच्या गोरेगावाहून (मुंबईचं नव्हे बरं का, हिंगोली जिल्ह्यातलं!) अलिबाग म्हणजे राज्याचं अगदी दुसरं टोक. पण कधी गेलात, तर समुद्र आणि कुलाबा किल्ला पाहून लगेच मागे फिरू नका. गावातल्या इस्राएल आळीत जरूर डोकवा. तिथं बेने इस्राएल लोकांचं प्रार्थनामंदिर आहे.

हे लोक धर्मानं ज्यू, पण बोली मराठी. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली, आणि जुन्या बायका चक्क नऊवारीत! पूर्वजांचं जहाज फुटलं आणि ते नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं ते परंपरेनं सांगतात. या परमुलखात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. मूळ भाषा विसरली, पण हा वार काही सुटला नाही.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झालं आणि पुढे यांतली बरीच कुटुंबं लोद, रामला, दिमोना अशा गावी जाऊन राहिली. तिथं शनिवार साऱ्या देशाचाच सुट्टीचा! आता शनिवार आपोआप पाळला जातो, जपावी लागते ती मराठी. त्यासाठी तिकडून ‘मायबोली’ नावाचं नियतकालिकही निघालं.

शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्यात चूल पेटवायची नाही, काही शिजवायचं नाही. त्यामुळे शुक्रवारी बाईची कोण धांदल! नारळाच्या दुधातलं कालवण, भात, सगळं आधीच करायचं. मग तिनं दिवा लावला, की हात मोकळे.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनं १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पण घरात रविवार म्हणजे पाहुणे, पुऱ्या आणि दुप्पट भांडी! होय ना?

तेव्हा महिन्यातून एक रविवार करून पाहा. शनिवारीच धपाटे, शेंगदाण्याची चटणी करून ठेवा. मात्र घरातल्या सगळ्यांना आधी विचारात घ्या. एकटीनं धरलेली सुट्टी दुपारच्या चहापर्यंतही टिकत नाही. शनिवार तेल्यांचा घाणा साऱ्या घराचा मिळून बंद असे, म्हणून तर तो वार इतकी वर्षं टिकला.