मचूळ पाणी, गोड पाणी

आमच्या पाबळ गावात पूर्वी पाणी चवीवरून ओळखलं जायचं. अमक्या विहिरीचं गोड, तमक्या मळ्यातलं मचूळ, हापशाचं जड, हे पोरासोरांनाही तोंडपाठ असे. नवी सून घरात आली की चुलीआधी तिला पाणवठे दाखवले जात. प्यायचं कुठलं, धुण्याचं कुठलं, जनावरांना कुठलं, हे पहिल्या आठवड्यात तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. परीक्षा एकच, डाळ शिजते का. जड पाण्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी टणक राहायची, साबणाला फेस यायचा नाही आणि तपेल्याच्या बुडाशी पांढरं पुट धरायचं.

आता पाणी आकड्यावरून ओळखतात. पेनाएवढा टीडीएस मीटर ग्लासात बुडवला की एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दिसतं. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. पाणी त्यापुढं गेलं की पूर्वी दुसरी विहीर शोधावी लागे. आता क्षार अडवणारं आरओ यंत्र शोधतात.

पूर्वीच्या त्या दिवसांतली सगळ्यांत ठसठशीत आठवण पाणी पुरवून वापरण्याची आहे. आमचा भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठायच्या. मग झऱ्यात पाणी साचेपर्यंत बायका काठावर बसून राहायच्या. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, कडेला घागर अशा त्या घरी यायच्या. आलेलं पाणी वाया जाणं घरात कुणाला सहनच होत नसे. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांड्यांचं अळूला, आंघोळीचं केळीला. माझी आई पाण्याविषयी कधी मोठमोठं बोलत नसे, पण कोणत्या भांड्यातलं पाणी कशासाठी, हे तिनं कधी चुकू दिलं नाही. आजही नळ वाहता दिसला की माझा हात आपोआप पुढं जातो तो तिच्यामुळं.

त्या दिवसांची ओढ आहे म्हणून त्यांतलं दुखणं झाकणार नाही. पायऱ्यांच्या बारवांत लोक पाय बुडवून पाणी भरत आणि त्याच पाण्यातून नारूचा रोग पसरे. गाळायचं दुहेरी फडकं, सुरक्षित हापसे आणि गावोगाव फिरलेले आरोग्य कर्मचारी यांनी तो हटवला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. या हापशांची निकड त्याआधी १९७२ च्या दुष्काळानं अधिकच तीव्र केली होती. त्या काळातला सगळ्यांना माहीत असलेला ‘इंडिया मार्क २’ हापसा जालना आणि सोलापूर इथं आधी घडलेल्या पंपांच्या अनुभवातून उभा राहिला. खालचं पाणी दांडा हापून वर आणायची ती सोय आपल्याच मातीतली होती.

१९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग पाबळला आले. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली कारकीर्द मागं ठेवून त्यांनी इथं विज्ञान आश्रम काढला. शाळेची पोरं हातांनी काम करत शिकू लागली. जमिनीत सळया रोवून, वीज सोडून, रोधमापकानं भूजलाचा अंदाज घ्यायचं काम या मुलांच्या हातून होऊ लागलं. पूर्वी विहीर पाहायला पायाळू माणूस शोधायचा किंवा नारळ फिरवायचा. आता शेतकऱ्यापुढं आकड्यांचा आलेख येऊ लागला. पाण्याचा हिशेब जमिनीच्या पोटापर्यंत पोहोचला. कलबाग सरांच्या कामातली हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

पुढं बोअरवेल खोल गेल्या आणि खोल खडकात जास्त काळ मुरलेलं, म्हणून अनेक ठिकाणी जास्त जड झालेलं पाणी वर आलं. शेतातल्या खतांचा नायट्रेटही त्यात उतरतो. तो ना उकळून जातो, ना तुरटी फिरवून. इथं आरओचा खरा उपयोग आहे. पाण्यापुढं अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा धरायचा आणि दाब द्यायचा. पाणी पलीकडं जातं, बहुतेक क्षार अलीकडं अडतात. या पडद्याला कामाचं रूप १९५९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी दिलं.

हेच यंत्र दूरच्या सफरीवर निघणाऱ्या शिडाच्या नौकांवरही असतं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. अशा सफरीवर चहूकडं पाणी असतं, पण पिण्याजोगं थेंबभरही नसतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. त्यातून गोडं पाणी पिळायला हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाब लागतो. नौकेवरच्या लहान यंत्रात दहा लिटर समुद्र ओढला तर साधारण एक लिटर हाती येतो. म्हणून नाविक यंत्र निवडताना आधी माणशी किती लिटर लागतील हे मांडतो, मग तेवढं पाणी बॅटरी आणि सौरपट्ट्यांवर निघेल का ते पाहतो. पावसाचं पाणी धरायची सोय आणि राखीव टाकी तरीही ठेवतो, कारण भर समुद्रात यंत्र बंद पडलं तर टँकर बोलवता येत नाही.

तो यंत्राला जपतोही. बंदरातल्या तेलकट पाण्यात ते चालवत नाही. दर वेळी गोड्या पाण्यानं पडदा धुतो, पण त्या पाण्यात क्लोरीन नसावं लागतं, कारण क्लोरीन पडदा खाऊन टाकतं. बरेच दिवस यंत्र बंद राहणार असेल तर पडदा परिरक्षक द्रावणात भिजवून ठेवतो, नाहीतर त्यात जंतू वाढतात.

यातलं एकेक वाक्य आमच्या गावांनाही लागू आहे. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पूड टाकतात आणि तेच पाणी आरओला येतं. आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदलला नाही तर महागडा पडदा जातो. घरगुती यंत्रातून एक लिटर गोडं पाणी काढताना दोन-तीन लिटर बाहेर जातं, आणि दुष्काळी गावात ते गटारात सोडणं म्हणजे आईच्या शिकवणीवर बोळा फिरवणं. ते फरशीला, पहिल्या धुण्याला, भांडी विसळायला वापरावं. झाडांना मात्र जपून घालावं, कारण अडवलेला क्षार त्यातच असतो. मुळात टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओ नकोच, असाच आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये दिला. तिथं नायट्रेटही मर्यादेत असेल तर जंतू मारायला अतिनील किरणांचं साधं यंत्र पुरतं. यंत्र घेण्याआधी सरकारी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतलं की नाहक खर्च वाचतो.

गावातल्या मस्तानीच्या समाधीला येणाऱ्या पाहुण्यांना पूर्वी शेजारच्या घरातून तांब्याभर पाणी मिळे. आता त्यांच्या हातात बाटली असते. मला त्या तांब्याची आठवण येते, पण मचूळ पाण्याची, पटकीची, पहाटेच्या रांगेची मुळीच येत नाही. गोडं पाणी यंत्रानं आणून दिलं, याचा मला आनंद आहे. फक्त डाळ शिजते का हे पाहणारी बाई जशी रोज पाण्याकडं बघायची, तसं बघणारं कुणीतरी प्रत्येक गावात हवं. गावाला आरओचं पाणी देणाऱ्या केंद्रावर एक वही असावी: आत किती टीडीएस, बाहेर किती, फिल्टर कधी बदलला, वाया गेलेलं पाणी कुठं वापरलं. हातांनी शिकलेली मुलं या गावात आहेत. ही वही त्यांच्याकडं सोपवली तर गोड्या पाण्याची सोय आणि पाण्याची किंमत, दोन्ही पाबळमध्ये एकत्र नांदतील.