संत तुकारामनगर ते चाकण : दंतवैद्यकाच्या वाटेवर

पुणे मेट्रो पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या स्थानकातून पुण्याकडे निघाली की पहिलेच स्टेशन संत तुकारामनगर. ६ मार्च २०२२ रोजी हा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून सकाळी इथे दोन प्रकारची गर्दी उतरताना दिसते. एक पांढरा कोट हातावर टाकून चालणाऱ्या मुला-मुलींची आणि दुसरी हातात केसपेपरची पिशवी धरलेल्या रुग्णांची. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे वायसीएम, याच भागात आहे आणि डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे दंत महाविद्यालयही इथेच आहे.

पिंपरी औषधाला नवी नाही. टाटा मोटर्स आणि बजाजचे नाव होण्याआधी या गावाची ओळख 'एचए कंपनी' ही होती. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे उभा राहिला आणि देशाला घरचे पेनिसिलिन मिळू लागले. सुजलेल्या दाढेतला पू एकेकाळी माणसाच्या जिवावर बेतत असे. तो धोका अशा औषधांनी पुष्कळ कमी केला. तरी आजही गोळी सूज उतरवते, किडलेला दात दुरुस्त करत नाही. त्यासाठी माणसाचा हात लागतो.

हा हात कुठे लागतो, ते पाहायचे तर नाशिक फाट्यावरून चाकणकडे निघावे. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल आणि त्यापुढे ट्रेलर-कंटेनरच्या रांगेत सरकत चाकण. एकेकाळी कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे हे गाव आता महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडीपर्यंत पसरलेल्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. शिफ्ट सुटली की कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर पोरे उभी राहतात. कुणी मराठवाड्यातला, कुणी विदर्भातला, कुणी उत्तर प्रदेश-बिहारचा. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू-चुना मळायचा आणि गालात धरून ठेवायचा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र करणारे हात थांबलेले नाहीत. सुपारीच्या सवयीने गालाची आतली त्वचा घट्ट होत जाते. आधी तिखट लागू लागते, मग तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, घास घ्यायला त्रास होतो. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि पुढे त्यातून कर्करोगाचा धोका असतो. कंत्राटी कामगाराची एक दिवसाची हजेरी बुडते म्हणून तो दवाखान्यात जात नाही, आणि जातो तेव्हा दात काढण्याशिवाय फारसे काही उरलेले नसते.

आपल्याकडे तोंडाच्या स्वच्छतेची शिकवण जुनी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मिस्वाकवर किती भर दिला, हे मदरशात जाणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. दहाव्या शतकात कुर्तुबाच्या अल-जहरावी यांनी दातांवरचा थर खरवडण्याच्या अवजारांची चित्रे आपल्या ग्रंथात काढून ठेवली. आणि आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय काढणारे गृहस्थ होते डॉ. रफिउद्दीन अहमद. पूर्व बंगालात १८९० साली जन्म, अलिगढला शिक्षण, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी. परत आल्यावर त्यांनी १९२० साली कलकत्त्यात महाविद्यालय सुरू केले. खर्च भागवण्यासाठी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे आइस्क्रीम-सरबताचे दुकान चालवले! १९४९ मध्ये ते महाविद्यालय त्यांनी सरकारला देऊन टाकले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, देशात दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो.

हे सगळे असूनही आपल्या घरांत बीडीएस म्हटले की चेहरा उतरतो. "एमबीबीएसला नंबर लागला नाही का?" हा पहिला प्रश्न. आकुर्डी, निगडी, कासारवाडी, चिखली-कुदळवाडी या भागांतल्या पालकांशी दरवर्षी जूनमध्ये बोलावे लागते, तेव्हा हाच प्रश्न फिरून फिरून येतो. म्हणून आधी साधा हिशेब सांगते.

दंतवैद्यकाला जायचे तर बारावी विज्ञान शाखा, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. मग नीट. एमबीबीएस आणि बीडीएस दोन्हींना हीच परीक्षा. तीन तास, १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला एक वजा. त्यातले निम्मे, म्हणजे ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. हा पेपर मराठीत आणि उर्दूतही देता येतो. पण उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी एक गोष्ट दहावीच्या सुट्टीतच करावी. 'खलिया' म्हणजे पेशी म्हणजे सेल, 'मरकज़ा' म्हणजे केंद्रक म्हणजे न्यूक्लिअस, अशी तीन रकान्यांची वही घालावी. कल्पना मुलाला आलेली असते, इंग्रजी नाव आले नाही म्हणून तो मागे पडतो. पुढे महाविद्यालयात सगळे इंग्रजीतच शिकवतात, तेव्हा हीच वही उपयोगी पडते.

प्रवेशाचे दरवाजे दोन आहेत, हे पालकांना फार उशिरा कळते. पिंपरीचे डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठ असल्याने तिथले प्रवेश केंद्राच्या समुपदेशन समितीमार्फत होतात आणि फी मोठी असते. शासकीय आणि इतर खासगी महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई महापालिकेचे नायर आहे. पुण्यात कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीची ही अल्पसंख्याक संस्था. पिंपरीहून मेट्रोने पुण्यात उतरावे आणि पुढे रिक्षा करावी. मुलगी घरी राहून शिकू शकेल, एवढ्या अंतरावर हे आहे.

कागदपत्रांत आपली मुले अडकतात. आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर हातात नसेल तर त्याचा उपयोग नाही. ही कामे अकरावीतच सुरू करावीत. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना आहे. खासगी अभिमत विद्यापीठांना आणि व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही. म्हणजे एकाच मार्कांवर कुठला दरवाजा निवडला, त्यावर बापाचे कर्ज ठरते. व्याजाचा प्रश्न ज्या घरांना अस्वस्थ करतो, त्यांनी तर हा फरक आधीच समजून घ्यावा. कर्ज टळणारे असेल तर टाळावे, आणि टळत नसेल तर आपल्या विश्वासातल्या आलिमांशी बोलून मगच सही करावी.

अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी मुलांना मेणाचा ठोकळा देतात आणि त्यातून दात कोरायला सांगतात. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी शिक्षक परत पाठवतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी, वडील भोसरीच्या वर्कशॉपमध्ये टूलरूमला. तिने पहिल्यांदा कोरलेली दाढ घरी आणली, तेव्हा वडिलांनी ती खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "बेटा, ही बाजू अजून भरलेली आहे." ते बरोबर होते. ज्या शहरात बाप मायक्रोमीटरने माप घेतो, त्या शहरातल्या मुलांना या विद्येची भीती वाटायचे कारण नाही. आता झिर्कोनियाची कॅपसुद्धा संगणकावर आखून मशीनवर कापली जाते. भोसरीच्या सीएनसी कामगाराला ते पाहताक्षणी समजेल.

नंबर थोडक्यात हुकला तर डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक हे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम आहेत. कायद्याने मान्य असलेले हे काम आहे. वर्षामागून वर्षे पुन्हा नीट देत मुलाचे मन मोडण्यापेक्षा हा मार्ग वाईट नाही.

पुढचेही खरे सांगायला हवे. पदवी मिळाली की लगेच पैसा, असे या क्षेत्रात नाही. चिंचवड-निगडीच्या मुख्य रस्त्यावर चालताना एका नजरेत दोन-तीन दंत दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे यांचा खर्च आहे. सुरुवातीची काही वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करावे लागते. एमडीएस करायचे तर आणखी तीन वर्षे आणि आणखी एक नीट. पण ज्या रस्त्यावर पाट्या दाट आहेत, तिथून तासाभरावर महाळुंगे-निघोज्याच्या भाड्याच्या खोल्यांत रुग्ण दाट आहेत. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी बायका मिसरी लावून हिरड्या दुखत असताना परपुरुषापुढे तोंड उघडायचा संकोच म्हणून वर्षानुवर्षे लवंग धरून बसतात. त्यांच्यासाठी वस्तीतलीच एखादी डॉक्टर मुलगी किती मोठा आधार होईल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून फॉर्म भरण्याआधी पालकांनी एक सकाळ काढावी. मुलाला किंवा मुलीला घेऊन एखाद्या दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जावे, स्वतःचा दात दाखवावा. तिथे उपचार विद्यार्थी करतात, शिक्षक मागे उभे राहून तपासतात आणि खर्चही बाहेरच्यापेक्षा कमी येतो. रांगेत बसल्या बसल्या मुलाकडे लक्ष द्यावे. रक्त आणि थुंकी पाहून तो तोंड फिरवतो, की मान वाकवून डॉक्टरचा हात पाहत राहतो? या एका गोष्टीवरून त्याचा कल पुष्कळसा कळेल. नंतरचा निर्णय घरातल्या सर्वांनी बसून घ्यावा, आणि अल्लाहने आपल्या मुलांच्या हातांत बरकत द्यावी, अशी दुआ करावी.