ट्रेवर तारीख का नसते?

बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर असतो, उगवणशक्ती असते, मुदत असते. खताच्या गोणीवर 10:26:26 की 18:46, ते ठळक छापलेलं असतं. रोपांच्या ट्रेवर मात्र काही म्हणजे काही नसतं. 2023 च्या जुलैत टोमॅटोची रोपं आणली, तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचं रान आष्टी तालुक्यात, चुनखडीचं, ठिबकावर. त्या साली पाऊस जून संपता संपता आला, त्यामुळे बुक केलेली रोपं कित्येकांनी उचललीच नाहीत. मग टोमॅटो शंभरीपार गेला आणि जो तो रोपांमागे धावला. आम्हीही गेलो. नर्सरीवाल्याने निम्मे ट्रे एका शेडनेटमधले दिले, निम्मे दुसऱ्यातले. पहिली रोपं वीतभर, खोड जांभळट आणि कडक, काहींच्या शेंड्याला कळीसुद्धा. "ताई, ही तर लागायलाच आलीत, तुमचा फायदा आहे," तो म्हणाला. दुसरी चार-पाच पानांची, लुसलुशीत. दर एकच. ट्रेला पाणी मारणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या सहज बोलून गेल्या, "ती होय? मेमधलं बी आहे ते." टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांचं लावतात. हे त्याच्या पुढे गेलेलं. पण घरी मल्चिंग अंथरून बेड भिजवून ठेवलेले, दुसरीकडे रोप नाही.

कोवळ्या रोपांनी आठवड्यात अंग धरलं. जरठ रोपं जशी लावली तशी उभी. दिराचं म्हणणं, युरिया द्या, उठतील. माझं म्हणणं, मूळच चालत नाही तर पाल्याला रेटून काय उपयोग? चुनखडीच्या रानात स्फुरद अडकून बसतो, म्हणून मी ठिबकातून 12:61:00 सोडत होते. तरी त्यांनी जरठ रोपांच्या दोन बेडना युरिया घातलाच. पाला काळाभोर झाला, शेंडे मऊ पडले, आणि पांढरी माशी सगळ्यांत आधी तिथेच बसली. पुढे पानं आकसली.

एक झाड मी उपटलं. लावून महिना झाला होता, तरी मुळांचा गड्डा ट्रेच्या खळग्यासारखाच निमुळता. मुळं आतल्या आत गोल फिरलेली, खाली तपकिरी वेटोळं. बाहेरच्या मातीत चारच तंतू गेलेले. माझं 12:61 त्या वेटोळ्याच्या बाहेर पडून राहिलं होतं! खतात खोट नव्हती, खत घेणारं तोंडच बंद होतं. दुकानदाराला सांगितलं, तर त्याने टॉनिकची बाटली पुढे केली. आधी डीएपीच्या गोणीबरोबर एक गळ्यात मारली होतीच.

माझं सरळ म्हणणं आहे, बी टाकल्याची तारीख ट्रेवर खडूने का होईना, लिहा. सरकार भाजीपाला रोपवाटिकांना अहिल्यादेवी होळकर योजनेतून अनुदान देत आलंय, मग एवढी अट घालायला काय हरकत आहे? घेणाऱ्याने एक रोप खळग्यातून उपसून बघावं. पांढरी मुळं मातीला धरून असतील तर घ्यावं, वेटोळं दिसलं तर ठेवून द्यावं.

आता खरं तेही सांगते. जरठ रोपांनी फळ कमी दिलं, बारीक दिलं, पण आधी दिलं. ते पहिले क्रेट बरे गेले. कोवळ्या रोपांचा माल भरात आला तेव्हा सप्टेंबर उलटत होता, भाव इतका कोसळला की तोडणी आणि गाडीभाडंही निघेना. त्यावर दीर अजून म्हणतात, वहिनी, तुमच्या चांगल्या झाडांनी काय दिलं? मला उत्तर सुचत नाही. पण भाव पडला तो बाजारात, आणि रोपाचं वय लपवलं ते नर्सरीत. पहिल्यावरून दुसरं मी माफ करणार नाही.